आईचा कोयता प्रबंधात आणायचा का?

पत्र मोठं आहे, म्हणून आधी थोडक्यात. लिहिणाऱ्या ताई 31 वर्षांच्या. माहेर बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं, सासर परभणीकडचं. अर्थशास्त्रात एम.ए., सेट पास, तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर आठवड्याला नऊ तास. पदरात एक मुलगी. आई-वडलांची हयात ऊसतोडीत गेली. आता पीएच.डी.ला नंबर लागलाय आणि मार्क्सच्या मूल्यसिद्धांतावर (वस्तूचं मूल्य तिच्यात मुरलेल्या श्रमावरून ठरतं, हा सिद्धांत) काम करायचं मनात आहे. गाईड म्हणतात, हे कोण वाचणार? घरचाच विषय आहे, 'ऊसतोड महिला कामगारांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास' घ्या आणि लवकर मोकळ्या व्हा. नवरा म्हणतो, तलाठ्याचा फॉर्म भर. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "बाकीच्यांनी सिद्धांत मांडायचे आणि मी आईचा कोयता प्रबंधात विकायचा का? या विषयात माझ्यासारखीला करिअर आहे का?"

ताई,

तुमची चीड रास्त आहे आणि तुम्ही एकट्या नाही. 2002 साली गोपाळ गुरू यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधल्या लेखात याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. आपल्याकडच्या सामाजिक शास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र अशी उतरंड तयार झालीय, असं त्यांचं म्हणणं. तो लेख मिळवा. गाईडच्या तोंडावर मारायला नको, स्वतःसाठी वाचा.

गाईड तुमचे वैरी नाहीत. काय पास होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तीनशे उत्तरदाते, टक्केवारीची कोष्टकं, संख्याशास्त्रातली एक काय-वर्ग चाचणी, शेवटी 'शासनाने याकडे लक्ष द्यावे' अशा शिफारशी, की झाला प्रबंध. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, 'स्थितीचा अभ्यास' एवढंच टाकून बघा, थप्पीच्या थप्पी निघते. त्यातल्या बऱ्याच प्रबंधांत शेवटच्या प्रकरणात जे सिद्ध होतं ते गावातल्या कुठल्याही म्हातारीला आधीपासून माहीत असतं. तसला प्रबंध तुम्ही लिहू नये, हे माझंही मत.

पण तुमच्या बाजूचंही बोलतो. मूल्यसिद्धांताबद्दल तुम्ही जे दीड पान लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं. त्यात श्रद्धा भरपूर आहे, प्रश्न एकही नाही. मूल्यांवरून उत्पादन-किमती, म्हणजे सरासरी नफा धरून ठरणाऱ्या किमती, कशा निघतात हा वाद एंगेल्सनं 1894 मध्ये 'भांडवल'चा तिसरा खंड छापला तेव्हापासून चालू आहे. 1907 मध्ये बोर्टकिविझनं मार्क्सचं गणित दुरुस्त करून दाखवलं, 1942 मध्ये स्वीझीनं ते इंग्रजी वाचकांपुढे आणलं, 1960 मध्ये स्राफाचं छोटं पुस्तक आलं आणि पटच बदलला, 1971 मध्ये सॅम्युएलसननं तर मूल्यांचं गणित खोडरबरानं पुसा आणि त्या जागी किमतींचं लिहा म्हणून सांगितलं. या वादात उतरायचं तर मॅट्रिक्सचं गणित हातात लागतं आणि समोर बसून चुका दाखवणारा माणूस लागतो. गणित शिकता येईल. तो माणूस तुमच्या विभागात नाही, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. सहा वर्षं एकटीनं झटून तुम्ही त्या वादाचा सारांश लिहाल. सारांश आणि सिद्धांत यांत फरक आहे.

तेव्हा गाईडचा विषय नको आणि तुमचाही आत्ता आहे तसा नको. 'भांडवल'चा पहिला खंड पुन्हा उघडा, पण आता आईची उचल, म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी रक्कम, शेजारी ठेवून.

श्रमशक्तीच्या खरेदी-विक्रीवरचं प्रकरण तुम्ही वाचलं असणारच. मार्क्स तिथे म्हणतो की भांडवलशाही जिथे जिथे आहे तिथे कामगारच मालकाला उधारी देतो. आधी आठवडाभर राबतो, मग पैसे घेतो. आता तुमच्या माहेरी बघा. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, दारात येतो, जोडप्याला उचल देतो, नोटरीच्या कागदावर अंगठा घेतो. काम सुरू होतं दसरा-दिवाळीनंतर. म्हणजे मजुरी आधी आणि श्रम नंतर, पार उलटं. या उलटेपणाचं काय करायचं? ही उचल म्हणजे कर्ज आहे की आगाऊ मजुरी? कर्ज असेल तर व्याज कुठे लपलंय? मजुरी असेल तर पट्टा संपताना पैसे फिटले नाहीत म्हणून बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं, हे कोणत्या मजुरीत बसतं? मार्क्सच्या वाक्यासमोर तुमच्या गावचा व्यवहार उभा राहिला आणि ते वाक्य तोकडं पडलं, तर सिद्धांताचं काम तिथूनच सुरू होतं. दिल्लीला बसलेल्याला हा प्रश्न सुचायला आधी कुणीतरी 'उचल' समजावून सांगावी लागते.

हे प्रश्न हवेतले नाहीत. 1970 च्या दशकात भारतीय शेतीच्या उत्पादनपद्धतीवर, ती सरंजामी की भांडवली यावर, जो वाद झाला, अशोक रुद्र, उत्सा पटनाईक, अमित भादुरी वगैरेंचा, तो बराचसा याच गाठीभोवती फिरत होता. भादुरींना 1973 मध्ये कर्जाच्या बेडीत अर्धसरंजामशाही दिसली. जैरस बनाजींनी 1977 मध्ये नेमकी उलटी मांडणी केली: सावकाराचं कर्ज हे दिसायला कर्ज, पण शेतकऱ्याच्या श्रमावर भांडवलानं बसवलेली पकडच. बनाजींचा तो लेख एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या जिल्ह्यांवर आहे. मुंबई इलाख्यातल्या दख्खनवर, हे लक्षात ठेवा. 1875 मध्ये पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध दंगे झाले, इंग्रजांनी आयोग नेमला, कागद झाले, म्हणून अभ्यासकांना ते जिल्हे सापडले. नगरची हद्द ओलांडली की बीड, आणि बीड निजामाचं. हद्दीच्या अलीकडचे कागद इंग्रजीत, पलीकडचे बरेचसे फारसी-उर्दूत. ते हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात जाऊन हुडकावे लागतात. अर्थशास्त्रवाले तिकडे सहसा फिरकत नाहीत. तुम्ही एखाद्या इतिहासवाल्या मैत्रिणीला धरून एक चक्कर मारा, एवढंच आत्ता सुचवतो. पहिल्या वर्षात त्याच्या मागे लागू नका.

उसाकडे परत येतो, कारण खरा ऐवज तिथे आहे. यान ब्रेमन यांनी 1978 मध्ये बार्डोलीच्या सहकारी साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जाणाऱ्या खानदेशी मजुरांवर लिहिलं. त्यानंतर बरंच लिहून झालंय, पण एक गोष्ट कुणी नीट उकललेली मला दिसली नाही: तोडणाऱ्याचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमच्या हजेरीपटावर यांचं नाव नाही. आम्ही वाहतूकदाराशी करार करतो, तो मुकादमाशी, मुकादम टोळीशी. पैसे बघायला गेलं तर तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून कापला जातो, म्हणजे भरतो शेतकरी. शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल टोळी कारखान्यानं धाडली, माझा काय संबंध. मग वरकड मूल्य, म्हणजे मजुरी भागवून उरलेलं श्रमाचं फळ, कुणाच्या खिशात जातं? कारखान्याच्या, बागायतदाराच्या, वाहतूकदाराच्या की मुकादमाच्या कमिशनमध्ये? वाटा पडत असेल तर किती आणि कशानं ठरतो? नगावर मजुरीच्या प्रकरणात मार्क्सनं लिहून ठेवलंय की अशा मजुरीत मालक आणि मजूर यांच्या मध्ये दलाल घुसायला जागा होते, आणि मालक देतो ती किंमत व मजुराच्या हातात पडते ती किंमत यांतला फरक हीच दलालाची कमाई. पुढे संचयाच्या प्रकरणात तो इंग्लंडमधल्या शेतमजुरांच्या टोळ्यांचं वर्णन करतो: बायका, पोरं, त्यांना एका शेतावरून दुसऱ्या शेतावर हाकणारा टोळीप्रमुख, आणि तोही मजुरांतलाच. ते पान वाचलं की धारूर-वडवणीच्या माणसाला मुकादमाचं नाव आठवल्याशिवाय राहत नाही. (तुमचा मुकादम नात्यातलाच असेल बहुतेक. तोही प्रश्न आहे, पुढे येतो.)

आणि 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल एकत्र, हिशेब एकत्र, कागदावर नाव बहुधा नवऱ्याचं. बाई पहाटे उठून स्वयंपाक उरकते, मग फडात जाते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोकी सेंटरला, म्हणजे जिथे ऊस डोक्यावरून ट्रकमध्ये भरतात तिथे, तीच मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. खाडा झाला तर तो जोडप्याच्या हिशेबातून कापतात, मग खाडा कुणाचा का असेना. 2019 मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. वर्तमानपत्रांनी ते आरोग्याचं पान म्हणून छापलं. अर्थशास्त्रवालीनं ते मजुरीचं पान म्हणून वाचायला हवं: ज्या हिशेबात पाळीच्या दुखण्याचा दिवस खाड्यात जातो त्या हिशेबात शरीराची किंमत कशी ठरते? यंत्रांमुळे सगळं घरदार कामाला जुंपलं जातं आणि एका पुरुषाच्या श्रमशक्तीचं मूल्य साऱ्या कुटुंबावर पसरतं, असं मार्क्स म्हणतो. इथे यंत्र नसतानाच तसं झालंय. आता हार्वेस्टर येताहेत, अनुदानावर येताहेत, तरी टोळ्या उठतातच. का? त्याच प्रकरणात मार्क्स सांगतो की इंग्लंडात कालव्यातल्या होड्या ओढायला घोड्यांऐवजी कधीकधी बायका लावत, कारण घोड्याला आणि यंत्राला किती खर्च येतो ते पक्कं ठाऊक असतं, फालतू पडलेल्या लोकसंख्येतल्या बाईचा खर्च मोजायच्याही लायकीचा नसतो. हे वाक्य आईला वाचून दाखवा आणि ती काय म्हणते ते लिहून घ्या.

म्हणून 'विकायचा का' या प्रश्नाचं माझं उत्तर असं. उत्तरदाता क्रमांक 47 म्हणून आईला कोष्टकात बसवाल तर विकलात. तिच्या हिशेबानं मार्क्सची मांडणी तपासून बघाल तर नाही. पण आईला विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नका. मुकादम नात्यातला असेल तर त्याचं, टोळीचं आणि गावाचंही नाव बदला. बंधूंना अजून उचल त्याच्याचकडून घ्यायची असेल तर तुमच्या प्रबंधाचा भुर्दंड त्यांना पडायला नको. जमलं तर दुसऱ्या तालुक्यातली टोळी घ्या.

जातीचं आधीच सांगतो, कारण आपल्याकडे व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो: 'मॅडम, बुद्ध की मार्क्स?' बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूत याच विषयावर भाषण केलं होतं, ते तुमच्या परीक्षकांनाही माहीत असतं. टाळू नका, बगल देऊ नका. जात म्हणजे नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांचं 1936 चं म्हणणं तुमच्या विषयाच्या ऐन मध्यावर आहे. टोळी कोणत्या जातीची, मुकादम कोणत्या, वाहतूकदार कोण, कारखान्याचं संचालक मंडळ कुणाचं, हे एका पानावर मांडून बघा. शिवाय त्यांचा 1918 चा तुकड्यांच्या शेतीवरचा लेख वाचा. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीवर लावायला भांडवल, अवजारं, माणसं किती आहेत त्यावर ठरतं, अशी मांडणी त्यांनी तेव्हा केली. त्याच्या शेजारी मार्क्सवादी काउत्स्की ठेवा. 1899 मध्ये तो म्हणत होता की छोटा शेतकरी तगून राहतो, कारण तो मोठ्या शेताला मजूर पुरवतो. तुमच्या वडलांची दोन एकर कोरडवाहू आणि सहा महिन्यांचा फड, हे या दोघांच्या मध्ये कुठे बसतं? मार्क्स, फुले, आंबेडकर एकत्र बांधू पाहणाऱ्या शरद पाटलांची आठवण इथे निघेल, निघू द्या. फक्त प्रबंधाचं पहिलं प्रकरण 'मार्क्स, फुले, आंबेडकर: एक तुलना' असं करू नका. तुलनेत शंभर पानं जातात आणि ऊस तसाच उभा राहतो.

आता पोटाचं. 'मार्क्सवादी राजकीय अर्थशास्त्र' नावाची जागा मराठवाड्यात निघत नाही. निघते ती अर्थशास्त्राची, आणि अभ्यासक्रमात मार्क्स येतो तो आर्थिक विचारांच्या इतिहासात, रिकार्डो आणि मार्शल यांच्या मध्ये एक घटक म्हणून. तेव्हा सूक्ष्म अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र झोपेतून उठवलं तरी शिकवता आलं पाहिजे. नोकरी त्यावर मिळेल. दामोदर कोसंबींनी आधी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, मग 1962 पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढली. भारतीय इतिहासावरचं मार्क्सवादी काम त्यांनी गणिताच्या पगारावर केलं. अर्थात त्यांना पगार होता आणि तुम्हाला तासिकेचं बिल, तेही वर्ष उलटल्यावर, त्यामुळे हा दाखला फार ताणत नाही.

नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपची वयोमर्यादा 30 असली तरी महिलांना 5 वर्षांची सवलत आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते. सेट काढलीत म्हणजे अभ्यास आहे, जेआरएफ काढाच. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांपैकी तुम्ही जिथे बसत असाल तिथल्या फेलोशिपचा अर्ज करा, पण तो पैसा वेळेवर येईल असं धरून घरखर्च बांधू नका. मुलीची फी त्यावर अवलंबून असेल तर मुळीच नाही. पक्क्या जागेसाठी संस्थाचालक काय मागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी वडलांनी रान विकायचं म्हटलं तरी तुम्ही नाही म्हणा.

तलाठ्याचा फॉर्म जरूर भरा. नवरा चुकीचं बोलत नाही. लागलात तर नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करायची सोय यूजीसीच्या 2022 च्या नियमांत आहे, आणि सातबारा, फेरफार, पीकपाहणी रोज हाताखालून जाणं हे शेतीच्या अभ्यासकाला वाईट शिक्षण नाही. फक्त पुण्याच्या अभ्यासिकेत तीन वर्षं घालवायचा बेत असेल तर मी त्या बेताच्या विरोधात आहे.

दिल्ली-हैदराबादला जावं का, असंही विचारलंत. लहान मूल आणि नवऱ्याची नोकरी इथली, म्हणून म्हणतो, नोंदणी इथेच ठेवा. जवळच तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथल्या ग्रंथालयात जा, तिथल्या लोकांशी ओळख करा. प्रबंध मराठीत लिहायला लाजू नका. पण त्यातला एक लेख इंग्रजीत काढा आणि बाहेर पाठवा. शेतीसंबंधांवर गाव धरून काम करणारी मंडळी देशात आहेत. त्यांच्या गावपाहण्यांत महाराष्ट्रातून 2007 मध्ये बुलढाण्याचं वारवट खंडेराव आणि कोल्हापूरचं निमशिरगाव होतं, मराठवाड्यातलं एकही नव्हतं. तुमच्या लेखाला तिथे वाचक आहेत. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांच्या नादी मात्र लागू नका, मुलाखतीत गुण मिळतील म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी. 2022 च्या नियमांत प्रबंध सादर करायला आधी लेख छापून यायची सक्ती राहिलेली नाही.

गाईडशी भांडण नको. त्यांच्याकडे कोऱ्या हातानं जाऊ नका, दोन पानं घेऊन जा. शीर्षकात ऊसतोड ठेवा म्हणजे ते खूश, 'स्थिती' काढा आणि त्या जागी 'उचल, मजुरीचा आकार आणि मूल्यवाटप' असं काहीतरी घाला. मार्क्सचं नाव शीर्षकात नसलं तरी चालेल. त्याला दुसऱ्या प्रकरणात हवी तेवढी जागा आहे. तीनशे उत्तरदात्यांचा हट्ट त्यांनी धरला तर विचारा, तीस कोयत्यांचा दोन हंगामांचा पूर्ण हिशेब चालेल का: उचल किती, टनेज किती, खाडे किती, वाढे (उसाचे शेंडे) विकून काय आलं, दवाखान्याला काय गेलं, बाकी किती. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. त्यातली कोयत्याच्या हातात किती पडली, एवढं एक जरी तुम्ही वजनाच्या पावत्या आणि मुकादमाची वही समोरासमोर ठेवून दाखवलंत तरी तुमचे गाईड ती कोष्टकं घेऊन आनंदानं सेमिनारला जातील. माणूस वाईट नाही, असं तुमच्या पत्रावरूनच वाटतं.

आरआरसीची, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीची, तारीख तुम्ही कळवली नाहीत. ती दसऱ्यानंतरची असेल तर मंजुरीची वाट बघत बसू नका. उचलीचे कागद पावसाळ्यात होतात तेव्हाच बघून घ्या आणि बायकांशी पहिलं बोलणं टोळ्या उठायच्या आत गावातच उरका. फडावर गेल्यावर त्यांना तुमच्यासाठी वेळ नसतो, आणि तिथे मुकादम कायम कानाशी असतो.